मागे वळणारा ठिपका

४ मार्च, सोमवार

संगणकावरचं मॉडेल एका दिवसात उभं! वृद्धाश्रमाची नवी इमारत. पूर्वी असल्या कामात महिना जायचा. आता साहेबांनी प्रोग्रामच्या तयार विटा करून ठेवल्यात — दार, जिना, रांग, माणूस. उचलायच्या, जोडायच्या, की आग लागल्यावर सगळे कसे बाहेर पडतील ते पडद्यावर दिसतं. माणसांचे ठिपके भराभरा उतरले. साहेब खूश. "एक जिना पुरे. दुसरा काढून टाकायला सांगतो."

६ मार्च

जेवताना आईला मोबाइलवर दाखवलं. "यात तुझे बाबा कुठले?" बाबा वॉकर धरून चालतात. मी एका सावकाश ठिपक्यावर बोट ठेवलं.

"आणि मी?"

"तू पोचलीस की बाहेर."

"त्यांना टाकून? चल, काहीतरीच तुझं!" ती हसली. मी मोबाइल पालथा ठेवला.

७ मार्च

'माणूस' उघडून पाहिला. साहेबांनी तो मुळात कारखान्यासाठी केलेला. धडधाकट कामगार, ज्याचा तो. भोंगा झाला की दाराकडे. चाल कमी करता येते, ती मी केलीच होती. पण मागे वळायची सोयच नाही! आणि वृद्धाश्रमात निम्मी जोडपी.

साहेबांना सांगितलं. "हात लावू नकोस. इतक्या कामांत वापरलाय, कुठे अडलं नाही. आगीत ज्याला त्याला आपला जीव. तू फार हळवी आहेस."

हळवी! डोक्यात तिडीकच गेली. माझ्या शेजारच्या टेबलावरची — पाय प्लास्टरमध्ये, जिभेला मात्र विश्रांती नाही — म्हणाली, "सांगून काय उपयोग? करून दाखव."

११ मार्च

करून दाखवलं. जोडीदार मागे राहिला तर वळणारा माणूस. पुन्हा चालवलं. चढणारे, उतरणारे समोरासमोर, जिना गच्च. वरच्या मजल्यावरचे ठिपके तिथेच राहिले. ते आईबाबा आहेत असं वाटून पडदा बंद केला.

साहेब शांतपणे म्हणाले, "ही तुझी कल्पना झाली. खरी माणसं वळतात कशावरून?"

उद्या एका जिन्याचा आराखडा पक्का होणार.

१२ मार्च

आज ऑफिसात भोंगा वाजला. धूरही होता. आत वायर जळाली होती, एवढंच — पण ते नंतर कळलं. मी उठले ती थेट रस्त्यावर.

साहेब माझ्याआधीच बाहेर उभे होते. माणसं मोजत होते. मोजता मोजता थांबले आणि परत आत घुसले — उतरणाऱ्यांना ढकलत, उलटे. बाहेर आले तेव्हा प्लास्टरवाली त्यांच्या पाठीवर होती.

"घाल तुझा माणूस," धापा टाकत म्हणाले. "दुसरा जिना राहू दे."

तिला पायरीवर बसवलं. तिने माझ्याकडे पाहिलं. "कधी उतरलीस गं? मी हाका मारत होते."

म्हटलं, ऐकू आल्या नाहीत.

आल्या होत्या.