सासूबाई आर्वीहून यायच्या आत

११ मे, सोमवार. सकाळी ७
आजपासून आचलचा मोबाइल बंद. माझा लागीन, अ‍ॅक्टिव्हिटीचे व्हिडिओ पाहायले.
काल सासूबाईंचा फोन. येत्या रविवारी येऊन राह्यल्या. म्हणे, जावईबापू, मोहिनी दवाखान्यात ड्युटीवर, तुम्ही घरीच, अन् चार वर्षांची पोट्टी दिवसभर कार्टून पाहते! घरी काही शिकलेली दिसली नाई त आर्वीले घेऊन जाणार, शाळेतही तिथंच टाकणार. मोहिनीनं हो म्हणून मान हलवली. सख्खी बायको!
आचल गेली त हे घर मले खायले उठीन. पण जाणार नाई. आपण बी.एड. आहो. एकच विषय राह्यला.
भिंतीवर टाइमटेबल लावलं. सात ते आठ योगा.

त्याच दिवशी, दुपार
योगा झाला नाई. आचल दहाले उठली. तिच्याच आवाजानं मीही उठलो.

१२ मे, मंगळवार
धान्य वेगळं करणे. तूर, चना, मूग एका ताटात कालवले. व्हिडिओतली पोरगी गाणं म्हणत निवडते. आचलनं एक चना निवडला अन् नाकात घातला.
मोहिनीच्याच वॉर्डात न्यावं लागलं. डॉक्टर हसले. मोहिनी नाई हसली.
पण नाक आता पोरीले पक्कं माहीत झालं. शरीराचे अवयव सुरू झाले म्हणायचे.

१४ मे, गुरुवार. ऊन मरणाचं
रंग-ओळख. गंजात पाणी घेऊन लाल रंग कालवला. व्हिडिओत सांगतलं होतं, मुलांना अडवू नका. मी अडवलं नाई. डोळा लागला होता.
तिनं गंज कूलरच्या टाकीत ओतला. कूलर सुरूच! वाळ्याच्या ताट्या लाल, भिंत लाल, अन् समोर वाळत घातलेल्या मोहिनीच्या पांढऱ्या युनिफॉर्मवर शिंतोडेच शिंतोडे.
संध्याकाळी मोहिनीनं विचारलं, आज काय शिकली? आचल म्हणे, गुलाबी. अरे बापरे, गुलाबी त मी शिकवलाच नव्हता! मी टाळ्या वाजवल्या.
मोहिनी जेवली नाई.

१६ मे, शनिवार
उद्या रविवार.
आचलच्या हातापाया पडलो. माय, आजीनं विचारलं त दहापर्यंत म्हणून दाखवजो. चॉकलेट दिलं. चारनंतर थेट नऊ. पुन्हा दिलं. पुन्हा नऊ. मग मी रडलो. खरंच रडलो. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं, थोपटलं, अन् माझ्या हातात मोबाइल देऊन म्हणे, कार्टून पाय, बरं वाटीन.
दोघांनी मिळून पाह्यले. आजच्या पुरते.

१७ मे, रविवार. आर्वीच्या बसमध्ये
आजपासून धोंड्याचा महिना लागला. सासूबाईंनी जावयासाठी अनारसे आणले. मले वाटलं, जिंकलो.
त्यांनी आचलले अंक विचारले नाई, रंग विचारले नाई. एवढंच विचारलं, आर्वीले येतं काय? आचल म्हणे, येतो, पण बाबाले बी घे. मी गेली त त्याच्याकडे लक्ष कोण देईन?
कोणी हसलं नाई. मोहिनीनं दोन बॅगा भरल्या.
मी शेजाऱ्यांले सांगतलं, अधिकाचं बोलावणं आहे, जावयाचा मान असते, नाई म्हणता येत नाई.
आता कंडक्टर आला. सासूबाईंले विचारलं, सोबत कोण आहे. त्या म्हणे, दोन लेकरं.