नळीत अक्षता नव्हत्या

मी, बळीराम धोंडिबा सोनकांबळे, वय चौऱ्याहत्तर, धर्म बौद्ध, राहणार मंठाळ, तालुका बसवकल्याण, जिल्हा बीदर, पोलीस खात्यातला निवृत्त आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा कारागीर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. अक्षर वाकडं येतं, डोकं सरळ आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनवर थांबलो आणि पुढे जात नाही म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी सही केली. दाखल्यासाठी मी एवढा हट्ट का धरला, ते पाचव्या कलमात कळेल.

कलम पहिले. मंठाळचे दोन खोल्यांचे घर व मागची पत्र्याची खोली माझी मुलगी संध्या हिला द्यावी. ती बसवकल्याणला शिक्षिका आहे आणि दर शनिवारी येऊन माझ्या गोळ्या मोजते.

कलम दुसरे. बँकेतली ठेव आणि माझ्या पत्नीचं, कैलासवासी म्हणायची आमच्यात पद्धत नाही, तर दिवंगत चांगुणाबाईचं तांब्याचं घंगाळ, मुलगा संघपाल यास द्यावे. घर मिळालं नाही म्हणून त्याने रुसू नये. तो पुण्याहून फोनवर "बाबा, कसे आहात" विचारतो आणि मी तोंड उघडायच्या आत "बरं बरं" म्हणतो. त्या घंगाळात बसून तो पाच वर्षांचा होईपर्यंत अंघोळ करत असे. एवढं आठवलं तरी पुष्कळ झालं.

कलम तिसरे. कानस, पेचकस, शिकंजा वगैरे हत्यारे संध्याने गावातल्या होतकरू कारागिराला द्यावीत. पाणसळ, म्हणजे सपाटी तपासायची पट्टी, मात्र यात नाही, कारण ती शेजारचे सिद्धप्पा मास्तर यांनी १९९८ साली दोन दिवसांसाठी नेली आहे. ती त्यांनाच देऊन टाकावी असं मनात होतं. परंतु मास्तर या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये, असा वकिलांचा सल्ला आहे. सबब पाणसळ परत करावी.

कलम चौथे. माझ्या परवान्यावरची स्वीडिश रायफल ठाण्यात जमा करावी. मुलांपैकी कोणीही ती आपल्या नावावर मागू नये. तिचा बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा लोखंडी अडसर, काढून वेगळा बांधून ठेवला आहे. एकोणीस वर्षांत मी तो एकदाही चढवला नाही.

कलम पाचवे. पत्र्याच्या खोलीत, कपाटाच्या खालच्या फळीवर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अकरा काडतुसे आहेत. ती मी भरली आहेत. बारा भरली होती.

ही काडतुसं राजेश्वर गावच्या आप्पाराव बिरादारसाठी होती. आप्पाराव माझा मित्र. माझी जात आणि त्याची जमीन मध्ये असूनही मित्र. त्याला जुन्या स्वीडिश रायफलींचं वेड होतं. निजामाच्या काळात आणि त्यानंतरही हैदराबादेहून जहागीरदारांकडे आलेल्या बंदुका त्यांच्या नातवंडांकडून हुडकायच्या, परवान्यावर चढवायच्या, आणि मग मला बोलवायचं. "बळीराम, कोणत्या सालची हाय रे?" मी ओळखून सांगायचो. कारखान्याचा मुकुटाचा शिक्का, बोल्टवरचा आकडा, बोल्टचा दांडा सरळ की वाकडा, सगळं माझ्या वहीत उतरवलेलं आहे. त्या वहीच्या पहिल्याच पानावर मी लिहिलं आहे: लाकडी दस्ता उतरवल्याशिवाय बंदूक ओळखू नये. लाकूड कोणीही बदलतं. साल लोखंडावर असतं, लाकडाखाली.

या जुन्या नळ्यांची काडतुसं बाजारात मिळेनाशी झाली. मग आम्ही घरीच भरू लागलो. रिकाम्या पुंगळ्या साफ करायच्या, नवी टोपी बसवायची, बारूद तोलून घालायची, गोळी दाबायची. याचा परवाना आमच्याकडे नव्हता, हेही इथे कबूल करतो. तोलणारा मी होतो. आप्पारावने तराजूला कधी हात लावला नाही. लोखंड जुनं असेल तर बारूद कमी घालायची आणि नवं, दणकट असेल तर जास्त चालते. म्हणजे साल ओळखण्यावर माणसाचा जीव असतो.

२००६ सालच्या खंडेनवमीला त्याने मला नवी आणलेली रायफल बघायला बोलावलं. ती पाटावर ठेवून पुजली होती. हळदकुंकू, अक्षता, आणि बोल्ट पुरता झाकेल एवढी झेंडूची माळ. मी पुढे होऊन हात लांब केला. आप्पारावची बायको राजूबाई दारातून म्हणाली, "अण्णा, हात लावू नका, पूजा झालीया."

त्या घरात आप्पारावच्या आईच्या नियमाने माझा कप खिडकीत वेगळा असे. आप्पारावने स्वतः तो फोडला होता आणि आपल्या ताटात मला जेवू घातलं होतं. तरी राजूबाईचे ते शब्द ऐकले आणि मला तो खिडकीतला कप दिसला. मी हात मागे घेतला. आप्पाराव ओशाळून म्हणाला, "दसरा झाला की उतरू दस्ता, मग बघ." मला थांबायचं नव्हतं. माझं ज्ञान तुमच्या पाटापासून चार हातांवरूनही चालतं, हे मला दाखवायचं होतं. मी दस्त्याची ठेवण बघितली आणि उभ्या उभ्या सांगितलं, "पन्नास सालानंतरची हाय. दणकट."

घरी येऊन त्या एका वाक्यावर मी बारा काडतुसं भरली.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी, दुपारी, राजेश्वरच्या शिवारातल्या बंद पडलेल्या लाल दगडाच्या खाणीत आम्ही दोघेच गेलो. उसात रानडुकरं शिरत होती. पीक राखायच्या परवान्यावर त्यांना मारण्याआधी त्याला नेम तपासायचा होता. त्याने रायफल माझ्यापुढे धरली. "घे की, बघ जरा. आता पूजेचं काय न्हाई." तेव्हा तरी मी ती हातात घ्यायला हवी होती. दस्त्याचे दोनच स्क्रू काढायचे होते. मी म्हणालो, "तुमच्या घरची देवता हाय ती. तूच धर."

हे माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं.

पहिल्याच बाराला बोल्ट मागे उडून त्याच्या डोळ्याखाली घुसला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तोवर तो गेला होता. दस्ता फुटून बाजूला पडला होता आणि उघड्या लोखंडावर साल स्पष्ट दिसत होतं. १९३४. माणसं धावत यायच्या आधी मी ते वाचलं होतं.

पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी मला जाणकार म्हणून विचारलं. मी म्हणालो, "नळीत काहीतरी अडकलं असावं. खंडेनवमीला पूजा झाली होती. अक्षता असतील." नळीत अक्षता नव्हत्या. मला ठाऊक होतं. ते वाक्य कागदावर गेलं, कागदावरून राजेश्वरात गेलं, आणि बाईच्या पूजेनं नवरा खाल्ला असं गाव म्हणू लागलं. मी ऐकत राहिलो.

मी बुद्धाला शरण गेलेल्या घरातला माणूस. आत्मा मानत नाही, भूत मानत नाही. तरी आप्पाराव येतो; डॉक्टरांचा दाखला यासाठीच घेतला. दुपारच्या वेळी पत्र्याच्या खोलीतल्या स्टुलावर बसतो आणि विचारतो, "बळीराम, कोणत्या सालची हाय रे?" मी सांगतो, चौतीस. तो मान हलवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारतो. मला त्याची भीती वाटते. त्याहून जास्त, तो यायचा बंद होईल याची वाटते. डबा उघडून मी काडतूस कानाशी हलवतो, आत बारूद सरसरते. बाजारात झेंडू आला की त्या दुपारचा बारुदीचा जळका वास हातांना येतो आणि साबणाने जात नाही.

माझ्या पश्चात ही अकरा काडतुसे व वही पोलिसांकडे द्यावी आणि हे कलम राजूबाईला वाचून दाखवावे.

कलम सहावे. ~~कालव्याकाठची माझी वीस गुंठे जमीन राजूबाई आप्पाराव बिरादार हिला द्यावी.~~ हे कलम मी स्वतः खोडले आहे. कारण खाली देतो.

कलम सातवे, नंतर जोडलेले. वरील मसुदा संध्याने वाचला. तिने गोळ्यांचा डबा उचलला आणि न मोजताच ठेवून दिला. मग म्हणाली, "बाबा, काकूंची तब्येत बघितलीत का? तुमच्या आधी त्या गेल्या तर हे कुणाला वाचून दाखवू?" दुसऱ्या दिवशी ती राजेश्वरहून राजूबाईला घेऊन आली. मी ओट्यावर बसलो होतो. संध्याने सगळं वाचलं. राजूबाईने पदर तोंडाशी धरला नाही, रडलीही नाही.

मग म्हणाली, "अण्णा, सासूनं तुमचा कप वेगळा ठेवला होता, ते खरं हाय. ते मी न्हाई म्हणत न्हाई. पर त्या दिशी मी पप्पूला बी हात लावू दिला न्हवता. पोटचं पोरगं माझं. शिलंगण होईपतुर पुजलेल्या हत्याराला कुणीच हात लावत न्हाई आमच्यात. इचारलं कामून न्हाई?"

मी ओट्यावरून उठू लागलो. तिने हातानेच थांबवलं.

"तुमाला एक दिस हात लावू दिला न्हाई, तर तुमी एवढं केलात. मालक गेल्यापासून माझ्या हातचं पाणी सासूनं सात वर्सं पिलं न्हाई. मरताना बी पाणी दुसरीच्या हातून घेतलं. नळीत तांदूळ कसा गेला, मी रोज इचार करायलेय. बोटं मोजायलेय, कुठल्या बोटातून सांडला म्हनून."

मी जमिनीचं कलम दाखवलं. तिने कागद परत सारला. "जमीन नगं. साक्षीदार करा मला. साक्षीदाराला काय मिळत न्हाई म्हणता न्हवं? तेच पायजे." आणि मग, "मेल्यावर वाचू नका. तुमी मेल्यावर लोक म्हणतील, म्हातारा चळला होता. येत्या आयतवारी राजेश्वरात, मारोतीच्या पारावर, तुमी उभं राहून वाचायचं. मी समोर बसणार."

सबब पाचवे कलम माझ्या मृत्यूची वाट न पाहता येत्या रविवारी सकाळी दहा वाजता अमलात येईल. काडतुसे आणि वही त्याच दिवशी मी स्वतः ठाण्यात घेऊन जाईन. पुढे कायद्याने जे व्हायचं ते होवो. राजूबाईने मला माफ केले, असे या कागदात कोठेही लिहिलेले नाही. तसे तिने बजावले आहे.

ठिकाण : मंठाळ
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५
सही : बळीराम धोंडिबा सोनकांबळे

साक्षीदार १ : सिद्धप्पा मास्तर, मंठाळ. सही माझ्यासमोर झाली. पाणसळ आणून ओट्यावर ठेवली आहे.

साक्षीदार २ : राजूबाई आप्पाराव बिरादार, राजेश्वर. मजकूर ऐकला. हिने सांगितले तसे संध्याने लिहिले व हिने सही केली : लिहिणारा पूर्ण शुद्धीवर आहे. पंचनाम्याच्या दिवशीही शुद्धीवरच होता.