ओली गाडी फाटकातूनच परत

तामसी, बुधवार संध्याकाळ

मला हे काऊन सुचलं नाही?

आमच्या कापूस खरेदी केंद्राच्या कामात काय बदलायचं, यासाठी आलेल्या सूचनांचा क्रम साहेबांनी मला लावायला सांगितला. माझी सूचना फोनवर रांगेचं टोकन देण्याची, आठ पानांची. बासरच्या कॉलेजात शिकून आलेली, माझ्यासोबत काम करणारी पोरगी स्वप्ना, तिची एका ओळीची: कापसाची ओल वजनकाट्यावर नको, फाटकातच तपासा. ओला असेल तर गाडी तिथूनच परत, दिवसभराची रांग वाचेल.

एक ओळ. नुसता जळफळाट झाला. वर तीच हसून म्हणते, "अक्का, माझं शेवटी टाका, चालते." तिच्या चांगुलपणाचाच जास्त राग येतो.

खर्च, वेळ, फायदा, कसंही तोललं तरी तिची ओळ वरच. माझ्या टोकनाने नंबर कळेल, कापूस वाळणार नाही. गेल्या हंगामात बाबासुद्धा दिवसभर थांबून, कापूस ओला निघाला म्हणून काट्यावरून परत आले होते. घरातली पहिली पदवी माझी, आणि बाबांचं दुखणं ओळखलं तिने. एका ओळीत.

तिची पहिली, माझी तिसरी. बसमध्ये चढण्याआधीच साहेबांना पाठवून दिलं. घरी आणलं असतं तर क्रम बदलला असता.