बाजूची नजर

ता. ३, शनिवार

निघालो एकदाचे! मैत्रीण शाळेची बस चालवते; शाळेला आठवडाभर सुट्टी, म्हणून तिची बसही बंद. मी डोळ्यांच्या दवाखान्यात नजर तपासते, तिथून रजा काढली. गाडी तिची, थर्मास माझा, भांडण दोघींचं – नकाशाची घडी कोणी घालायची यावर. मलाही गाडी येते, पण ती देत नाही. म्हणे, "तू हॉर्न वाजवायच्या आधी माफी मागशील." शाळेतली मुलं तिला बसमावशी म्हणतात. मीही तेच म्हणते.

ता. ४

मोठ्या झाडांचं रान लागलं. एकेका बुंध्यात आमची खोली मावेल. बाबांनी मला अकरा वर्षांची होईपर्यंत घरीच शिकवलं. काठीच्या सावलीवरून झाडाची उंची काढायला लावायचे. इथे तर सगळीकडे सावलीच, मोजणार काय? तरी एक आकडा मांडला. मग खोडला. बाबांचं एकच – पाहिलंस का? मग लिही.

सगळे लोक बुंध्याला चिकटून वर बघतात. बसमावशी मागे मागे जाते, पार रस्त्यापलीकडे, आणि तिथून बघते. येताना कुंपणाच्या खांबावर खांदा आपटला. हसली.

ता. ५

डावीकडच्या फाट्यावरून सायकलवाला येत होता. मी त्याला केव्हाची बघत होते – लाल टोपी, मागे बांधलेली वळकटी. तिलाही दिसत असेल म्हणून गप्प बसले. मी ओरडले तेव्हा तिने ब्रेक दाबला. हातभर अंतर राहिलं. तो नुसता पाय टेकून उभा राहिला.

ती म्हणाली, "हा कुठून उगवला?"

ता. ५, दुपारी

लिहूनच टाकते. चार महिन्यांपूर्वी ती बसचालकांच्या तपासणीचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आली. पाटीवरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली. पुढचा रकाना – बाजूची नजर. त्यासाठी यंत्रात हनुवटी टेकवून वीस मिनिटं बसावं लागतं. कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. ती म्हणाली, अगं, शाळा सुटायची वेळ झाली, तू काय मला आज ओळखतेस? मी 'ठीक' लिहिलं. खाली सही. न पाहता!

त्या बसमध्ये चौतीस मुलं बसतात.

ता. ६

नाश्त्याच्या वेळी मिठाची बाटली तिच्या कानाजवळून हळूहळू पुढे आणली. पार नाकासमोर आली तेव्हा तिने हात पुढे केला. डावीकडून तसंच, उजवीकडूनही तसंच.

दिवसभर सांगायचं टाळलं. बस गेली तर ती करणार काय? तिच्या आईचं घर तिच्या पगारावर चालतं. आणि मी कोण – जिने एक रकाना भरायचा कंटाळा केला ती. भित्री कुठली.

ता. ७

सांगितलं. सगळ्यात जुन्या झाडाखाली, गाडी बंद असताना. फॉर्म मी न तपासताच भरला, चूक माझी. परत गेल्यावर डॉक्टरांना सांगणार, शाळेलाही कळवणार. तपासणी पुन्हा होईपर्यंत तू बस काढायची नाहीस. वाटलं, चिडेल. तिने चावी सीटवर ठेवली आणि पलीकडच्या दाराने जाऊन बसली. मी माफी मागितली. जेवताना पुन्हा मागितली. निजताना पुन्हा.

ता. ८

गाडी मी चालवत होते. रान संपत आलं तेव्हा ती बोलली, सरळ समोर बघत.

"मला दोन वर्षांपासून माहीत आहे. दुसऱ्या कुणीही त्या यंत्रात बसवलं असतं. म्हणून तुझ्याकडे आले."

रस्ता वळणाचा होता. मी तिच्याकडे वळून बघितलं नाही. बाजूने दिसत होतं तेवढं पुरे होतं.