एकशेवीस-ऐंशी

२ फेब्रुवारी, सोमवार

बोटं आखडलीत. नववीच्या चोवीस वह्या एका बैठकीत तपासल्या. आरोग्यसेवेचं प्रात्यक्षिक – घरातल्या एका माणसाचा रक्तदाब सात दिवस मोजून लिहा. शाळेत यंत्र एक, मुली चोवीस. त्यामुळे तेवीस वह्यांत सातही दिवस १२०/८०. पुस्तकात 'सामान्य' म्हणून छापलेला आकडा. कळतं मला. शाळेत असताना गृहशास्त्राची वही मीही अशीच भरली होती, न केलेल्या शिऱ्याच्या कृतीसकट. सोळा तारखेला बाहेरचे परीक्षक येणार, त्यांना वह्या पूर्ण दिसल्या की झालं.

मागच्या बाकावरची कौसल्या – आजीचं नाव मिळालेली, वर्गात तोंड न उघडणारी – तिची वही सगळ्यांत नीटनेटकी. 'रुग्ण : आई.' रेघासुद्धा पट्टीने मारलेल्या. दहापैकी दहा, खाली 'उत्तम'.

नडली एकटी स्वरूपा. हट्टाने यंत्र घरी नेलंय, अजून आणलेलं नाही. 'रुग्ण : वहिनी, सातवा महिना.' पहिल्या दिवशी १४८/९६, सातव्या दिवशी १५८/१०४. पट्टा बाहीवरून गुंडाळला असणार, दुसरं काय. सगळे आकडे लाल पेनने खोडले, वर १२०/८० लिहिलं आणि खाली सही ठोकली.

३ फेब्रुवारी

मधल्या सुट्टीत स्वरूपा आली. "बाई, खरंच तेवढंच येतंय. वहिनीचं डोकं बी दुखतंय."

"दंड उघडा करून बांधला होतास?"

"व्हय बाई. तुमी दाखवलं तसंच."

मी म्हटलं, यंत्र उद्या परत आण, मग बघू. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मला मात्र तिचाच राग आला. तेवीस जणींना जमतं, हिलाच का नाही?

४ फेब्रुवारी

यंत्र आलं. माझ्या दंडाला लावलं – ११८/७६. शिपाई प्रयागबाईंना लावलं – १२४/८२. यंत्राला काहीही झालेलं नाही.

५ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर यंत्र घेऊन स्वरूपाच्या वस्तीवर गेले. तिची आई, कुशाबाई, अंगण सारवत होती. उद्या सुनेचं डोहाळजेवण, साऱ्या वस्तीला आवतण. सून संस्कृती, फार तर बावीसची, तोंड सुजलेलं, बांगड्या मनगटात रुतलेल्या. मोजलं – १६२/१०८. परत मोजलं. तेच.

म्हटलं, हिला आत्ताच्या आत्ता इंदापूरला न्या. कुशाबाईंनी हात पुसले, आत जाऊन वही आणली आणि माझ्यापुढे धरली. "आवं बाई, ह्ये तुमच्याच हातचं हाय की. एकशेवीस-ऐंशी. पोरगी सारखी वहिनी वहिनी करत हुती, म्याच म्हणलं, बाईंनी तपासून सही केलीया, काय काळजी न्हाय. मागल्या म्हैन्यात दवाखान्यात बी समदं ब्येस हुतं. उद्याचं उरकू, मग न्हिऊ."

तेव्हाच सांगायला हवं होतं. 'पुन्हा एकदा मोजलेलं बरं' असलं काहीतरी पुटपुटले आणि चहा पिऊन निघाले. चहा पिऊन! लाज वाटते स्वतःची.

६ फेब्रुवारी

सकाळी आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना फोन केला. आकडे ऐकले आणि म्हणाल्या, "बाई, उद्यावर ढकलू नका. झटके आले तर आई नि बाळ दोन्ही हातची जातील."

तशीच वस्तीवर गेले. संस्कृती हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत, झोपाळ्यावर बसलेली. पंचवीस-तीस बाया, ओटीची तयारी. मी वाकून विचारलं, कसं वाटतंय? "डोळ्याम्होरं काजवं चमकत्यात बाई," ती म्हणाली, अगदी हळू, सासूला ऐकू जाऊ नये म्हणून.

मग मी सगळ्यांदेखत बोलले. "कुशाबाई, वहीतला लाल आकडा खोटा आहे. मी न मोजता लिहिला. तुमच्या स्वरूपाचाच खरा होता."

गाणं थांबलं. कुणीतरी म्हणालं, "मास्तरीण आन् खोटं लिवती?" दुसरी म्हणाली, "आमच्या पोरीच्या वहीत बी एकशेवीसच हाय की मग." मी म्हटलं, तेही न मोजताच लिहिलेलं.

कुशाबाई पुढे आल्या. मला वाटलं, आता हाकलतील. त्यांनी सुनेच्या दंडावरची फुलं सोडायला घेतली. "माझ्या युवराजला फोन लावा," म्हणाल्या. "गाडी काढ म्हणावं."

७ फेब्रुवारी

इंदापुरात १७०/११२ भरला. लगेच बारामतीला पाठवलं. युवराज सांगत होता, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला, आई गाडीतून उतरून ट्रॅक्टरवाल्यांना हात जोडत होती.

शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावलं. "एवढ्या बायांसमोर बोलायची काय गरज होती? परीक्षक आठवड्यावर आलेत. तुमचं कंत्राट जूनपर्यंतच आहे, ध्यानात असू द्या." असू दे. संस्कृतीचं पोट कापायचं की थांबायचं ते डॉक्टर आज ठरवणार, माझं सगळं लक्ष तिकडे.

८ फेब्रुवारी

फोन नाही. भात करपवला.

१० फेब्रुवारी

मुलगी. दीड किलो. काचेच्या पेटीत ठेवलीय, पण रडते म्हणे. संस्कृती शुद्धीवर आहे. प्रयागबाईंसमोर ढसाढसा रडले.

स्वरूपाची वही मागून घेतली. लाल आकड्यांवर काट मारली, तिचे आकडे तिच्याकडूनच पुन्हा लिहून घेतले, दहापैकी दहा दिले. ती म्हणाली, "बाई, आता पेटीतल्या बाळाची नोंद ठिवू का?" ठेव म्हटलं.

११ फेब्रुवारी

बाकीच्या तेवीस वह्या परत मागवल्या. परीक्षकांना अर्धवट दिसल्या तर दिसू देत. आजपासून यंत्र रोज एकीच्या घरी. सुरुवात कौसल्यापासून केली, म्हटलं, आज संध्याकाळी आईचं खरंखुरं मोज.

तिने यंत्र टेबलावर परत ठेवलं. मग म्हणाली, "बाई, आई न्हाय. गेल्या दिवाळीत वारली."

"मग वहीत तिचं का लिहिलंस गं?"

"तुमीच म्हणलावता, एकशेवीस-ऐंशी म्हंजी माणूस चांगलं हाय."