कापलेला सोलो

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रेकॉर्ड कंपनीचं पार्सल मिळालं. बाबांनी डबल बास वाजवला होता त्या जॅझ मैफलीची नवी रेकॉर्ड. कंपनीने या वेळी मूळ टेप शोधून अख्खी मैफल काढली आहे. रविवारी चारही आवृत्त्या ओळीने ऐकल्या. तुला त्या सारख्याच वाटतील. तू मिक्सरच्या आवाजालाही मान डोलावतेस.

पहिल्या रेकॉर्डवर सभागृह ऐकू येतं. खुर्च्या सरकतात, कुणीतरी खोकतं. कॅसेटवर टाळ्या इतक्या वाढवल्यात की श्रोते दुप्पट झालेत. सीडीवाल्यांनी खरखर काढता काढता त्या खोकणाऱ्यालाही हाकललं, आणि बाबांचा बास कपाटात कोंडून वाजवल्यासारखा झाला. तिन्हींत पियानो संपतो, टाळ्या पडतात आणि बँड पुन्हा मूळ धून धरतो. बाबांचा सोलो, त्यांनी एकट्याने वाजवलेला भाग, त्या टाळ्यांखाली गेला. बँड पियानोवाल्या काकांचा. त्यांनीच जळून तो कापायला लावला, असं बाबा आपल्या लहानपणापासून सांगत आलेत. दोघांत बोलणं नाही ते तेव्हापासूनच.

नव्या आवृत्तीत तो सोलो आहे. सुरुवात सुरेख. मग बाबा वाट चुकतात. एकच सूर चाचपडत राहतात आणि थांबतात. सभागृह गप्प. जरा वेळाने पियानो अगदी हळू धून सुरू करतो, आणि काकांचा आवाज येतो की मी धरलंय, तू ये. बाबा येतात.

हे त्यांना ऐकवायचं का? की सीडीचीच एक प्रत पाठवून यातही सोलो नाही असं सांगू? तू म्हणशील तसं.

वहिनी बरी आहे असं लिहायला तुझी वहिनी सांगते आहे. लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

१९ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सीडी पाठवून बाबांना फसवणार? त्यांचे गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत.

इथे मात्र पंचाईत आहे. बाबांनी स्पीकरच्या वायरी बदलून घेतल्या. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना सांगून झालं की इतक्या वर्षांनी न्याय होतोय. काकांवरच्या रागाच्या टेकूवर हा माणूस ताठ उभा आहे. तो काढला तर काय, ही धास्ती मलाही आहे. पण मी दवाखान्यात फिजिओथेरपीच्या पेशंटना रोज सांगते की आता दुखेल, आणि मगच खांद्याला हात लावते. बाबांनाही आधी सांगेन. तू खरी ती पाठव.

आणि मिक्सरचं लक्षात ठेवलं आहे. जपून राहा, माया आहेच.

ताई

२ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी दुपारी ऐकली. आधी सांगितलं होतं की सोलोत ते मध्येच अडकलेत. बाबा म्हणाले, टेप खराब असेल. मग ऐकायला बसले. ते थांबतात त्या जागी त्यांच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती, पुढचे सूर शोधत असावीत. काकांचा आवाज आला तेव्हा हात थांबला. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पहिली रेकॉर्ड लावायला सांगितली, आणि टाळ्यांपाशी म्हणाले की कापलंय बेमालूम, कुणाला कळणार नाही. त्यांच्या आठवणीत तो सोलो शेवटपर्यंत नीट गेला होता म्हणे. ते खोटं बोलत नव्हते, एवढं मी तुला सांगते.

संध्याकाळी काकांचा नंबर मिळव म्हणाले. पियानो दुरुस्त करणाऱ्याकडून मिळाला. काकांना हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे दोघे ओरडूनच बोलले आणि मला दारामागे उभं राहावं लागलं नाही. बाबांनी विचारलं की शिव्या खात राहिलास, पण सांगितलं का नाहीस. काका म्हणाले, तू माझ्यावर चिडलास ते मला परवडलं. स्वतःवर चिडला असतास तर बास विकून मोकळा झाला असतास. बाबांनी फोन बराच वेळ कानाला धरून ठेवला. पुढच्या आठवड्यात त्यांना काकांकडे घेऊन जाते आहे. तू आलास तर जिने उतरवायला बरं पडेल.

काल डॉक्टर रेकॉर्ड मागायला वर आले. मी स्वयंपाकघरात होते, म्हटलं आता काय सांगतात बघू. बाबांनी रेकॉर्ड पुसून हातात दिली आणि सांगितलं की सोलोत मी मध्ये चुकलोय, पण तिथला पियानो नीट ऐका.

सगळ्यांना विचारल्याचं सांग. तुझ्यावरचा लोभ आहे तेवढाच आहे, वाढवायला जागा नाही.

ताई