दोन्ही बाह्या डाव्या

३ मार्च
एकेचाळीस वेळा माझा अंगठा बघितला गेला! व्हिडिओत काज कसं करायचं ते दाखवायचं होतं, पण डब्याला टेकवलेला फोन घसरला आणि चार मिनिटं सुईने टोचून टोचून खरबरीत झालेला माझा अंगठाच दिसत राहिला. नात फोनवर हसून हसून दमली. काढून टाक म्हणाली. का काढू? चाळीस वर्षं ह्यांच्या शिवणकामाच्या दुकानात मागे बसून काज-बटणं केली, तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

हे आतल्या खोलीत होते.

५ मार्च
नवा व्हिडिओ. फोन डब्याला रबराने करकचून बांधला. तीनशे चार!! खाली ‘उसवण’ नावाच्या कुणीतरी लिहिलंय – काज बरं आहे, पण लांब दोरा आळशाचा.

कोण हा शहाणा? दोरा लांब होता हे मात्र खरं.

६ मार्च
अगं बाई! ‘लांब दोरा आळशाचा’ – हे तर ह्यांचं वाक्य. दुकानात दिवसातून दहादा.

७ मार्च
हल्ली ह्यांना अंघोळीला पाऊण तास लागतो. फोन घेऊन जातात. बातम्या वाचतो म्हणे. बाहेर आले की फोन पालथा. चोराच्या मनात चांदणं! जेवताना मी मुद्दाम उसवणने काढलेल्या चुका मोठ्याने वाचल्या. चेहरा मख्ख. ताट पुढे करून वाढ म्हणाले.

१० मार्च
दोन वर्षं झाली. एका कोटाचं कापड कापताना ह्यांचा हात थरथरला आणि कापड वाया गेलं. गिऱ्हाईक काहीच बोललं नाही, तेच ह्यांच्या जिव्हारी लागलं. आठवड्यात दुकानाला कुलूप. कात्री फडक्यात गुंडाळून कपाटावर. तेव्हापासून खिडकीपाशी खुर्ची आणि कशालाही ‘हं’. थरथर मामुली आहे, कामात असू द्या, असं डॉक्टर सांगून थकले. मी समजावलं, भांडले, रडले. एवढा बडबड्या माणूस, घरात असून नसल्यासारखा.

आणि आता हे! लपून का होईना, कापडाबद्दल बोलतायत. आज स्वयंपाकघरात मी चक्क गिरकी घेतली. गुडघ्याने लगेच वय सांगितलं.

१२ मार्च
उसवणला लिहिलं, एवढं येतं तर समोर या. उत्तर आलं – ‘आम्ही आपले शिकणारे.’ शिकणारे म्हणे! नाटकी कुठले. लग्नाआधी एक ओळ लिहिली नाही ह्यांनी, आणि आता एकोणसत्तराव्या वर्षी चोरून चिठ्ठ्या. हसू दाबताना चहा नाकात गेला.

१४ मार्च
बेत ठरला. नातीने लाईव्ह जायला शिकवलंय. उद्या सदऱ्याच्या बाह्या कापणार – दोन्ही डाव्या! कापड न उलटवता एकीमागून एक कापल्या की दोन्ही एकाच हाताच्या होतात. पहिल्या महिन्यातले शिकाऊ हमखास करतात. ह्यांना ते बघवणार नाही. नुसतं लिहिलं तरी माझी जीत. उठले तर…

१५ मार्च
हात अजून कापतोय. माझा!

चारशे माणसं बघत होती. पहिली बाही कापली. दुसरीसाठी कापड तसंच ठेवलं, खडू फिरवला. फोनकडे बघितलं – उसवण गप्प. कात्री उघडली तोच आतली खुर्ची सरकली.

“अगं थांब. दोन डाव्या हातांचा माणूस कुठे पाहिलास?”

दारात हे! कपाटावरची कात्री हातात, फडकं लोंबतंय. मला बाजूला सारलं, कापड उलटवलं. हात थरथरला. थांबले. मग कात्री कापडात गेली ती खांद्याला जोडायचा मुंढ्याचा गोल पूर्ण करूनच बाहेर आली. मी चारशे लोकांसमोर ढसाढसा रडले, लाज वाटली नाही.

तेवढ्यात फोनवर ओळ उमटली. उसवण – ‘मास्तर! तुमच्याकडे शिकलो त्याला तीस वर्षं झाली. हात तसाच आहे.’

ह्यांच्या एका हातात कात्री, दुसऱ्यात कापड. ह्यांचा फोन आत, खुर्चीवर.

१६ मार्च
म्हणजे उसवण हे नव्हतेच! दुकानात ते वाक्य किती जणांनी ऐकलं असेल, हे मला सुचूच नये? ह्यांनी मात्र कॉलरचं कापड काढून ठेवलंय, त्या उसवणला दाखवायला.

मग अंघोळीला फोन कशाला नेत होता, विचारलं. कात्री पुसायला घेतली.

“तुझा अंगठा बघत होतो,” म्हणाले.